संगणक आला, नोंदवही राहिली

ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला संगणकाचा ताण येतो, हे आता कुणी नाकारत नाही. वाद आहे तो ताण येतो कुठून, यावर. क्रेग ब्रॉड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1984 साली ‘टेक्नोस्ट्रेस’ नावाचे पुस्तक लिहिले आणि नव्या यंत्राशी नीट जुळवून न घेता आल्याने जडणारा हा आजार आहे, अशी मांडणी केली. आजार म्हटला की रोगी शोधणे आले. आपल्याकडे तो आधीच ठरलेला असतो: तालुक्याच्या गावातला पन्नाशी गाठलेला ग्रंथपाल, माउस हातात धरला की ज्याचा हात थरथरतो आणि ज्याचे प्रत्येक वाक्य ‘आमच्या वेळी’पासून सुरू होते. जालना जिल्ह्यातल्या ग्रंथालयांमागचा इतिहास तपासला तर हे चित्र टिकत नाही. इथला ताण संगणकाच्या बराच आधीचा आहे. तो तपासणीच्या दप्तरातून जन्मला, संगणकाने त्याला फक्त दुसरे टेबल दिले, असे माझे म्हणणे आहे.

‘नव्याची भीती’ हे स्पष्टीकरण मराठवाड्याला तर मुळीच लागू पडत नाही. जालना हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या औरंगाबाद जिल्ह्याचे तालुक्याचे ठिकाण. 1900 साली मनमाडकडून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे इथून धावू लागली आणि व्यापारी पेठेला बाहेरच्या बाजारांशी जोडणारा लोखंडी रस्ता मिळाला. तरी राज्यकारभाराची भाषा उर्दूच होती. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणसुद्धा उर्दूतून दिले जाई. सभा आणि खासगी शाळा यांना सरकारी परवानगीचा अडसर होता, आणि मराठी वाचनालयांकडे दरबार संशयाने पाही. खुद्द हैदराबाद शहरात 1922 साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले ते याच वातावरणात. मग 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थानातली निजामाची राजवट संपली, 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात, आणि 1964 च्या राजभाषा अधिनियमाने कारभाराची भाषा मराठी ठरवली. ज्या कारकुनाने उमेदवारीत उर्दूत टिपणे लिहिली, त्याने निवृत्तीपूर्वी मराठीत फायली लिहिल्या. एका नोकरीत लिपी बदलली, ती लिहिण्याची दिशासुद्धा बदलली. कळफलक शिकण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड आहे. ते ज्या पिढीने केले तिच्या मुलानातवंडांना यंत्राचे भय उपजतच असते, असे म्हणायला आधार कुठला?

ताणाचे मूळ शोधायचे तर 1967 कडे जावे लागते. त्या वर्षीचा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1 मे 1968 पासून अमलात आला. मद्रासने 1948 च्या कायद्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर ठेवला होता. महाराष्ट्राने तो टाळला, शासनाने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालावेत अशी तरतूद केली आणि खालच्या पातळीवर ग्रंथालये चालवण्याचे काम लोकांनी स्थापन केलेल्या संस्थांवरच ठेवले. 1970 च्या नियमांनी या संस्थांना मान्यता, वर्गवारी आणि सहायक अनुदान यांची चौकट दिली: अ, ब, क, ड. ही व्यवस्था त्या काळात उदारच म्हणावी लागेल. सरकारी ग्रंथालय गावोगाव काढणे राज्याला परवडले नसते, आणि लोकांच्या उत्साहाला थोडे पैसे देऊन वाचनाची चळवळ वाढवता येईल हा हिशेब चुकीचा नव्हता. 2012 च्या सुमारास राज्यात मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये बारा हजारांवर गेली होती, ती या हिशेबामुळेच. पण त्यात एक गोष्ट रुतून बसली. ग्रंथपाल संस्थेचा नोकर, पैसा शासनाचा, आणि दोघांमधला दुवा म्हणजे वह्या. दाखल नोंदवही, सभासद नोंदवही, देवघेव नोंदवही, किर्द, खतावणी, वार्षिक अहवाल. ग्रंथालयाने काय केले हे वह्यांतून दिसेल, आणि वह्यांत दिसेल तेच अनुदानाला पात्र ठरेल. 1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा हा कायदा अमलात येऊन तेरा वर्षे झाली होती. जिल्ह्याच्या ग्रंथालय प्रशासनाने अनुदानाआधीचा काळ पाहिलेलाच नाही. त्याचा जन्मच तपासणीच्या युगातला आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो दुबळा नाही. पैसा जनतेचा असेल तर तपासणी नको का? 2012 साली शासनाने महसूल यंत्रणेकडून राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी करून घेतली, तेव्हा कागदावरच नांदणारी ग्रंथालयेही उघडी पडली. तपासणी हवीच. पण ही कागदी ग्रंथालये इतकी वर्षे टिकली कशी, याचाही विचार व्हावा. ती टिकली कारण त्यांच्या वह्या चोख होत्या. जिथे वाचकच येत नाही तिथे नोंदी निवांत बसून पूर्ण करता येतात, आणि जिथे संध्याकाळी चाळीस माणसे टेबलाभोवती उभी असतात तिथे देवघेव नोंदवही मागे पडते. नोंद म्हणजेच काम, असे मानणाऱ्या तपासणीचा जाच बोगस संस्थेपेक्षा खऱ्या ग्रंथपालाला अधिक होतो. शिवाय त्या पडताळणीनंतर नव्या मान्यता थांबल्या आणि असलेली मान्यता जपणे हेच ग्रंथपालाचे पहिले काम होऊन बसले.

आता पगार. हा मुद्दा यंत्राच्या चर्चेत कुणी काढत नाही, म्हणूनच तो काढायला हवा. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान 2012 पासून 30 हजार रुपये होते. 2022 साली झालेल्या 60 टक्के वाढीने ते 48 हजारांवर गेले. यातला निम्मा भाग वेतनाचा. म्हणजे वाढीव दरानेसुद्धा महिन्याला 2 हजार रुपये, आधी तर साडेबाराशे. व्यंकप्पा पत्की समितीने ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी वेतनश्रेणी सुचवल्या होत्या. त्या लागू कराव्यात ही मागणी ग्रंथालय संघ वर्षानुवर्षे करत आले आहेत. या रकमेत जो माणूस दाखल अंक टाकतो, पुस्तकांना पाठ लावतो, सभासदांकडे थकलेली पुस्तके मागायला जातो, त्यालाच मग सांगितले जाते की सगळा संग्रह संगणकावर घ्या. जनगणनेनुसार 2011 साली जिल्ह्याची साक्षरता सुमारे 71 टक्के होती, राज्याची 82. जिथे वाचक जोडणे हेच मुळात कष्टाचे, तिथे ग्रंथपालाचे तास कुठे खर्ची पडावेत, हा प्रश्न नाजूक आहे.

संगणक जिल्ह्यात आला तो आधी महाविद्यालयांत. जालना एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय 1958 सालचे, आणि मराठवाडा विद्यापीठही त्याच वर्षीचे. या महाविद्यालयीन जगाला 1991 मध्ये इन्फ्लिबनेट हे ग्रंथालयांचे जाळे मिळाले, 2000 मध्ये त्याची ‘सोल’ ही आज्ञाप्रणाली, 2009 मध्ये तिची दुसरी आवृत्ती, पुढे तिसरी. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ होती. ती आधी ग्रंथालयातल्या यंत्रावर चाले, चौथ्या आवृत्तीत दूरच्या सर्व्हरवर गेली. कागदावर ही सरळ प्रगती दिसते. प्रत्यक्षात 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्याच्या ग्रामीण भागात दिवसातले कित्येक तास वीज नसे. वीज आली की एन्ट्री, गेली की वही. आणि जी एन्ट्री केली ती टिकेल याचा भरवसा नाही, कारण लिपी. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम अशा वेगवेगळ्या प्रणालींच्या फाँटांत टंकला जाई. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की समोर निरर्थक चिन्हांची रांग. कुठे यंत्र दुरुस्तीला गेले, ‘फॉरमॅट मारला’, आणि फाँटासकट सूची गेली. यातून वाट काढायला अनेकांनी मराठी नावे रोमन अक्षरांत भरली. मग ‘श्यामची आई’तल्या ‘आई’ला कुणी एक ए लावला, कुणी दोन, कुणी शेवटी वाय; एकाच कपाटातल्या तीन प्रती शोधपट्टीत एकमेकींना ओळखेनात. युनिकोडनेही सगळे सुटले नाही. ‘वाऱ्यावरची वरात’मधला ऱ्या दोन वेगळ्या प्रकारे टंकता येतो, पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकसारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. पुस्तक आहे, नोंद आहे, आणि उत्तर येते ‘नोंद सापडली नाही’. वाचक ग्रंथपालाकडे पाहतो. ग्रंथपालाला या गोंधळाचे कारण कुणी शिकवलेले नसते, त्यामुळे चूक आपलीच असे तो धरून चालतो.

हे सगळे सोसूनही काम हलके झाले असते तर तक्रारीला जागा उरली नसती. संगणकाचे समर्थक इथेच बोट ठेवतात: पुस्तक शोधणे सोपे झाले, देवघेव सेकंदात होते, अहवाल बटण दाबून निघतो. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा, आणि यंत्राने तो वाचवला, यात शंका नाही. पण वाचकाचा वेळ वाचणे आणि कर्मचाऱ्याचा वेळ वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखल नोंदवही आजही हाताने लिहिली जाते, कारण लेखापरीक्षणात तीच पुरावा म्हणून पुढे ठेवायची असते. तोच मजकूर संगणकात भरायचा, त्याची प्रिंट काढायची आणि ती फाइलला लावायची. एकच पुस्तक तीनदा दाखल होते. अमेरिकेत 1880 च्या दशकात ग्रंथपालांना सूचिपत्रांसाठी खास वळणाचे हस्ताक्षर घोटवून शिकवत. टंकलेखन यंत्र आले आणि ते हस्ताक्षर निवृत्त झाले. नव्या साधनाने जुन्याची जागा घेतली. आपल्याकडे संगणकाने वहीची जागा घेतली नाही, तो वहीशेजारी येऊन बसला.

याहून मोठा फरक बँकांशी तुलना केल्यावर दिसतो. यंत्रीकरणाची धास्ती बँक कर्मचाऱ्यांनाही होती, आणि ती ग्रंथपालांपेक्षा उघड होती. पण 1983 साली बँकांचा संघ आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. यंत्रे कुठे आणि किती बसवायची हे ठरले, यंत्रावर काम करणाऱ्याला विशेष भत्ता मिळाला. ताण नाहीसा झाला नसेल, पण त्याची किंमत टेबलावर मांडली गेली. ग्रंथालयात हे होणे शक्यच नव्हते. वाटाघाट करायची कुणाशी? संस्थेचे सचिव म्हणणार, पैसा शासन देते. शासन म्हणणार, नोकर तुमच्या संस्थेचा. 1967 च्या रचनेचा हा परिणाम कायदा करणाऱ्यांच्या मनात नसावा, पण संगणकाच्या काळात तोच सर्वांत जड ठरला.

मोनिदीपा तराफदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली ब्रॉडच्या आजाराची पुन्हा मांडणी केली. कामाचा वाढलेला बोजा, खासगी वेळेवरचे अतिक्रमण, गुंतागुंत, नोकरीची असुरक्षितता आणि सतत बदलाची अनिश्चितता अशी पाच कारणे त्यांनी वेगळी काढली. यांतली गुंतागुंत तेवढी माणसाच्या कौशल्याशी थेट जोडता येते. बाकी चार कामाच्या रचनेतून येतात. ताण कमी करणारे घटकही पुढच्या अभ्यासात पुढे आले: प्रशिक्षण, हाकेला येणारी तांत्रिक मदत आणि निर्णयात कर्मचाऱ्याचा सहभाग. मंठा किंवा जाफराबाद तालुक्यातल्या लहान वाचनालयाच्या अनुदानात यांतल्या कशासाठी स्वतंत्र पैसा असतो?

तरीही कुणी म्हणेल की मग हा सगळा प्रश्न पैशाचाच आहे. पगार द्या, ताण संपेल. महाविद्यालयीन ग्रंथपालांकडे पाहिले तर हे उत्तर पुरेसे वाटत नाही. त्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाची वेतनश्रेणी आहे, शिक्षण आहे, आणि ताणाची तक्रार तिथेही आहे. कारण तपासणी तिथेही आहे, फक्त तिचे नाव नॅकचे मूल्यांकन. आज्ञाप्रणालीचे नाव काय, आवृत्ती कोणती, संगणकीकरण कोणत्या वर्षी झाले, पूर्ण की अंशतः, असे रकाने तिथे भरावे लागतात. ‘अंशतः’ लिहिले तर उणे, ‘पूर्ण’ लिहिले तर ते सिद्ध करायचे. मदतनिसाचे पद रिक्त असेल तर सिद्ध करणाराही तोच आणि पुस्तके रॅकवर लावणाराही तोच. सेवेची स्थिती अगदी वेगळी असलेल्या दोन जगांत ताण एकाच जागी सापडतो: यंत्र कामासाठी मागवले जात नाही, दाखवण्यासाठी मागवले जाते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत लहान ग्रंथालयांत एक काम मात्र कुणी न मागता वाढले आहे. स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी अभ्यासिका भरल्या आणि त्यांच्याबरोबर ऑनलाइन अर्जही आले. 2023 च्या तलाठी भरतीला राज्यभरातून दहा लाखांवर अर्ज झाले. फोटोचा आकार कमी करून देणे, ओटीपी येत नाही म्हणून पुन्हा लॉगिन करणे, जातीच्या दाखल्याचा क्रमांक नीट टंकणे ही मदत मुले ग्रंथपालाकडे मागतात, आणि संगणकाची एरवी धास्ती घेणारे म्हणून ओळखले जाणारे कित्येक जण ती करून देतात. हे काम ‘देवघेव’ नव्हे. दैनिक वाचकसंख्येतही त्याला जागा नाही. त्यामुळे तपासणीच्या दिवशी कपाटातून ज्या वह्या बाहेर काढल्या जातात, त्यांत या मुलांचा एकही रकाना नसतो.