ब्रेकवर उभे राहणारे आबा

आबांची जीप थांबवायची तर आधी सीटवरून उठावं लागायचं. स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून, उजव्या पायावर सगळं वजन टाकून ते ब्रेकवर अक्षरशः उभे राहायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गाड्या अशा थांबतात.

मागे उघडा हौदा असलेली, लांब बेसची ही महिंद्रा आबांनी १९८२ साली सरकारी लिलावात घेतली. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, उजवा गुडघा झिजलाय, आणि तरी रोज सकाळी औशाच्या रस्त्यावरच्या शेतात जीप घेऊनच जायचा हट्ट आहे. मी पुण्यात कोड लिहितो. दिवाळीत घरी आलो तेव्हा चर्चा दोनच गोष्टींची होती: जीप भंगारात द्यायची, की तिला बूस्टर बसवायचा. आबांनी तिसरा पर्याय काढला. "गुडघा नवा बसवून घेतो, जीपला हात लावू नका."

ब्रेक इतका जड का, हे शोधताना मी भलताच मागे गेलो.

१९४५ साली सुरू झालेल्या 'महिंद्रा अँड मोहम्मद' या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावात दोनदा महिंद्रा आलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत लातूर, नांदेड निजामाच्या राज्यात होते. म्हणजे जीप आमच्या आधी भारतात आली, असं मी आबांना चिडवतो.

मूळ रचना युद्धातल्या हलक्या गाडीची. चारही चाकांना नऊ इंची ड्रम, मास्टर सिलिंडर फळीखाली चासीला, आणि सगळ्या चाकांना मिळून ब्रेक ऑइलचा एकच मार्ग. कुठेही एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. ड्रमचा एक गुण मात्र आहे: फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच ओढून घट्ट करतो, त्यामुळे हलक्या गाडीला पायाचा जोर पुरतो. पण आमच्याकडे जीप हलकी कधी राहिली? माळेगावच्या यात्रेला हौद्यात किती माणसं बसायची, ते मोजायची पद्धतच नव्हती.

आणि १९९३. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसं गेली. आबा सकाळीच जीप घेऊन निघाले. पुढचे तीन दिवस किल्लारी ते लातूर फेऱ्या, हौद्यात गोधडीवर जखमी माणसं. याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. एकच गोष्ट सांगतात: ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी जायचं आणि ब्रेक लागायचाच नाही. मग पेडल अर्धवट दाबून धरत, लायनर सुकवत चालवायचं. जोरात दाबावं तर मागचा माणूस ओरडायचा. त्यांचा पाय तिथे शिकलाय. जीपला हात लावू नका, यामागे हेही असावं.

तर बूस्टर. व्हॅक्यूमने ब्रेकला मदत करायची कल्पना जुनी आहे. बेल्जियमच्या अल्बेर देवांद्र यांचा सर्व्हो १९२०च्या दशकातला. एका गोल डब्यात पडदा असतो. एका बाजूची हवा ओढून घेतलेली, दुसऱ्या बाजूला पेडल दाबलं की बाहेरची हवा आत येते आणि पडदा ढकलते. नऊ इंची डब्याचं क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो धरले तर २८७ किलोंचा रेटा. पेडलची तरफ पाचपट धरली, तर हा रेटा पेडलवरच्या ५७ किलोंएवढा. आबांचं वजन ५८. एक अख्खे आबा त्या डब्यात मावतात.

नांदेडहून जुन्या मीटरगेज गाड्या सुटायच्या, त्यांचे ब्रेकही व्हॅक्यूमचे. पण हिशेब उलटा. तिथे व्हॅक्यूम गेला की ब्रेक आपोआप लागतो. जीपमध्ये व्हॅक्यूम गेला की ब्रेक पुन्हा तुमच्या पायावर येतो.

पेट्रोल इंजिन हा व्हॅक्यूम फुकट देतं. आबांनी मात्र नव्वदच्या दशकात, तेव्हा सगळे करायचे तसं, डिझेल इंजिन घातलेलं. डिझेलला हवा अडवणारी झडप नसते, म्हणून व्हॅक्यूमही नाही. त्यासाठी अल्टरनेटरच्या मागे पंप असलेलं मॉडेल शोधावं लागलं.

मामांच्या ओळखीच्या नांदेडच्या मिस्त्रींकडे जीप नेली. ते म्हणाले, "नुसता बूस्टर लावायलाव तर लावून देतो, पण एकाच पाइपावर एवढा जोर टाकायलाव, कळतंय ना?" कळत होतं, माझ्याच हिशेबात ते सुटलं होतं. म्हणून दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर, नवे पाइप, पुढे डिस्क. डिस्क स्वतःला ओढून घेत नाही, तिला बूस्टर लागतोच. सिलिंडर फळीखालीच ठेवला, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली. ऑइल मागे उतरू नये म्हणून लाइनमध्ये छोटे व्हॉल्व्ह. हवा काढण्यात पूर्ण दुपार गेली. कागदांचं काम वेगळंच. गाडीत असा बदल आरटीओला विचारल्याशिवाय करता येत नाही.

परत येताना लोह्यापर्यंत मी चालवली. तिथे चहा झाला आणि आबांनी न बोलता किल्ली घेतली. पुढे रस्त्यात म्हशी आडव्या आल्या. आबा सवयीने उठले आणि ब्रेकवर उभे राहिले.

जीप जागच्या जागी थांबली. हौद्यातली स्टेपनी केबिनला येऊन धडकली, माझं कपाळ काचेला. म्हशी निवांत गेल्या. आबा थोडा वेळ तसेच अर्धवट उभे होते. मग सीटवर बसले, चप्पल काढली आणि अनवाणी पायाच्या बोटांनी पेडल दाबून पाहू लागले.