दंतवैद्यक विद्यार्थ्यांची परदेशी स्वयंसेवा : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियातील दंतवैद्यकाचे अनेक विद्यार्थी शिक्षणक्रमाच्या उत्तरार्धात काही आठवडे आशिया व आफ्रिकेतील आरोग्यसोयींपासून वंचित भागांत स्वयंसेवक म्हणून जातात. काहींची व्यवस्था त्यांचे महाविद्यालय करते, तर काही शुल्क आकारणाऱ्या खासगी संस्थांमार्फत जातात. विद्यार्थ्याला यातून अनुभव मिळतो. मात्र तो परतल्यानंतर त्या गावाच्या हाती काय उरते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. परदेशी साहाय्याचा पूर्वानुभव असलेल्या जालना परिसराच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मिशनकालीन पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात जालना हे निजामाच्या राज्यातील इंग्रजी लष्करी छावणीचे ठाणे होते. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले नारायण शेषाद्री यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. तिच्यासाठी हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली होती. १८७३ मध्ये शेषाद्री न्यूयॉर्क येथील धर्मपरिषदेस उपस्थित राहिले. परदेशी साहाय्याचा ओघ एकाच दिशेने वाहत नव्हता, येथील माणूसही आपली गरज मांडण्यास तिकडे जात होता, हे यावरून लक्षात येते. जालन्यातील मिशन रुग्णालय ही त्याच स्कॉटिश परंपरेची खूण होय.

स्कॉटलंडमधील वैद्यकीय मिशनरींच्या शिक्षणाची पद्धतही लक्षणीय होती. १८४१ मध्ये स्थापन झालेल्या एडिनबरो मेडिकल मिशनरी सोसायटीचे विद्यार्थी त्याच शहरातील काउगेट या दरिद्री वस्तीतील दवाखान्यात देखरेखीखाली काम शिकत आणि पात्रता मिळविल्यानंतर परदेशी जात. मिरजेचे डॉ. विल्यम वॉनलेस यांचे उदाहरणही असेच आहे. १८८९ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन ते भारतात आले आणि सुमारे चार दशके येथे राहिले. त्यांनी रुग्णालयाबरोबर वैद्यकीय शाळाही चालविली. या सेवेमागील धर्मप्रसाराचा हेतू दृष्टीआड करता येत नाही. तथापि आधी पात्रता, मग भाषा आणि त्यानंतर दीर्घ वास्तव्य हा क्रम त्यात होता. अल्पकालीन स्वयंसेवेत नेमका हाच क्रम उलटतो.

दंतोपचारातील जोखीम

दात काढणे हे वरवर तात्काळ संपणारे काम वाटते. प्रत्यक्षात दाढ काढल्यावर दोन-चार दिवसांनी खोबणीत तीव्र ठणका सुरू होऊ शकतो. तोवर शिबिर पुढच्या गावी गेलेले असते. मधुमेह आहे काय, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय, हे मराठीत विचारता न येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून गंभीर चूक घडू शकते. मिसरी, तंबाखू व गुटखा यांमुळे तोंडात होणारे बदल एका भेटीत बरे होत नाहीत. त्यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी ही गरज संपली नाही.

कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणीशिवाय व्यवसाय करण्यास मनाई केली. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत झाला. ज्या विद्यार्थ्याला स्वतःच्या देशात स्वतंत्रपणे उपचार करता येत नाहीत, त्याला येथील गरीब रुग्णावर ते करू देणे कायद्याच्या व नीतीच्या दोन्ही दृष्टींनी समर्थनीय नाही.

जामखेडचा धडा

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पाने निराळा मार्ग दाखविला. गावातील अल्पशिक्षित, प्रसंगी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. तेथे येणारे परदेशी अभ्यासक प्रामुख्याने शिकण्यासाठी येऊ लागले. पाहुणा विद्यार्थी आणि ग्रामीण स्त्री शिक्षिका, अशी नात्याची उलटापालट तेथे घडली.

निष्कर्ष

१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे जिल्ह्याच्या दंतसेवेचा पाया तेथे शिकणाऱ्या मराठी भाषिक आंतरवासितांवर उभारणे शक्य आहे. परदेशी विद्यार्थी यावेत, परंतु नोंदणीकृत दंतवैद्याच्या देखरेखीखाली, या आंतरवासितांचे सोबती म्हणून. विजेवाचून हाती अवजारांनी कीड काढून दात भरण्याची, १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झालेली पद्धत दोघांनी एकत्र शिकण्याजोगी आहे. रुग्णाची नोंद मराठीत ठेवावी, आशा कार्यकर्तीला तिची माहिती असावी आणि पुढील तपासणीचा दिवस शिबिरापूर्वीच ठरलेला असावा. एवढी व्यवस्था नसेल, तर त्या उपक्रमास सेवा न म्हणता विद्यार्थ्याचा सराव म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.