किल्ली परिचारिकेच्या हाती

आमच्या शहागडची माणसे हृदयाच्या तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरास जातात. जांघेतून हृदयापर्यंत नळी घालतात हे ऐकूनच घरची मंडळी हबकतात. पण या नळीची पहिली कथा ऐका. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे डॉ. फोर्समान यांना या प्रयोगाची मनाई होती. हत्यारांची किल्ली परिचारिका गेर्डा डिट्झेन यांच्याकडे. प्रयोगाला त्या स्वतःच तयार झाल्या! डॉक्टरांनी त्यांना टेबलाला बांधले अन् नळी घातली ती मात्र स्वतःच्या हाताच्या शिरेतून, ६५ सेंटिमीटर आत. १९५६ साली डॉक्टरांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. बाईंचे नाव मागेच राहिले. आजही नळी काढल्यावर पाय हलवू न देणारी, रक्तस्रावावर नजर ठेवणारी, पावलाची नाडी पुनःपुन्हा चाचपणारी परिचारिकाच असते. डॉक्टरांना हात जोडताना तिलाही जोडावेत, असे मला वाटते.