द्विघटक सिद्धांत

कामावर माणूस खूश कशाने होतो आणि नाराज कशाने होतो, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या कारणांत शोधावी लागतात, असे सांगणारा औद्योगिक मानसशास्त्रातील सिद्धांत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग (१९२३–२०००) यांनी बर्नार्ड मॉस्नर व बार्बरा स्नायडरमन यांच्यासह लिहिलेल्या ‘द मोटिव्हेशन टू वर्क’ (१९५९) या ग्रंथात तो मांडला. कार्यप्रेरणेच्या अभ्यासात अब्राहम मॅस्लो यांच्या गरजांच्या उतरंडीशेजारी (१९४३) तो हमखास शिकवला जातो. मात्र मॅस्लो एकूण माणसाविषयी बोलत होते, तर हर्झबर्ग यांच्यासमोर सुरुवातीपासून नोकरी करणारा माणूस होता.

त्यांच्या अभ्यासात पिट्सबर्ग परिसरातील २०३ अभियंते आणि हिशेबनीस होते. प्रश्न साधा होता : नोकरीत फार बरे वाटले, किंवा फार वाईट वाटले, असा एखादा प्रसंग आठवा आणि नेमके काय घडले ते सांगा. प्रसंगांची छाननी केल्यावर दोन वेगळे ढीग पडले. आनंदाच्या आठवणींत काम तडीस गेल्याचे समाधान, झालेली कदर, खुद्द कामाची गोडी, अंगावर पडलेली जबाबदारी आणि बढती या गोष्टी पुन्हापुन्हा आल्या. कडू आठवणींत कंपनीची धोरणे, वरिष्ठांची देखरेख, सहकाऱ्यांशी संबंध आणि कामाच्या ठिकाणची परिस्थिती यांचा भरणा होता. पहिल्या गटाला हर्झबर्ग यांनी प्रेरक घटक म्हटले, दुसऱ्याला आरोग्यघटक. हे दुसरे नाव वैद्यकातून घेतलेले आहे : शहराचे पाणी शुद्ध केले की पटकी आटोक्यात येते, पण त्याने कोणी पैलवान होत नाही. त्याचप्रमाणे आरोग्यघटक सुधारले की तक्रार थांबते, उमेद मात्र वाढत नाही. म्हणजे असमाधान दूर झाले की समाधान आपोआप येते, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या मते ही दोन स्वतंत्र मापे आहेत.

पगाराची जागा या मांडणीत सर्वांत अडचणीची आहे. १९५९ च्या अभ्यासात पगार दोन्ही बाजूंना आढळला. आनंदाच्या प्रसंगांत तो बहुधा यशाची पावती म्हणून येई आणि कडू प्रसंगांत अन्यायाचा पुरावा म्हणून. हर्झबर्ग यांनी त्याला आरोग्यघटकांत बसवले. मिळालेली वाढ लवकरच अंगवळणी पडते आणि पुढची वाढ नाही मिळाली की माणूस दुखावतो, हा त्यांचा युक्तिवाद.

या युक्तिवादाला मुंबईच्या गिरण्यांचा जुना इतिहास चांगला जुळतो, हर्झबर्ग यांनी तो वापरला नसला तरी. पहिल्या महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या तेजीत गिरणीमालकांनी कामगारांना बोनस देण्यास सुरुवात केली. १९२३ चा बोनस नाकारल्यावर १९२४ च्या सुरुवातीला सार्वत्रिक संप झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने कोणताही हक्क पोहोचत नाही, असा निर्वाळा दिला. मालकांच्या लेखी ती खुशीने दिलेली रक्कम होती; कामगार मात्र तिला एव्हाना पगाराचाच भाग धरून चालले होते. पुढे १९६५ च्या बोनस कायद्याने हा हक्क मान्य झाला आणि कालांतराने किमान दर ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, ठरला. दिवाळीच्या तोंडावर हातात पडणारा बोनस कामगाराला अधिक झटून काम करायला लावतो, असे क्वचितच कोणी म्हणेल. तो चुकला तर काय होते, हे मात्र सगळेच जाणतात. तरीही यावरून पैसा प्रेरणा देत नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पिट्सबर्गचे अभियंते आणि हिशेबनीस पगारदार, शिकलेले व्यावसायिक होते. रोजावर किंवा उक्त्या दराने राबणाऱ्या माणसाला हाच प्रश्न विचारला असता तर ढीग वेगळे पडले असते, अशी दाट शंका येते.

‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये १९६८ साली आलेल्या लेखामुळे हर्झबर्ग यांचे नाव घरोघरी नाही, तरी कचेरीकचेरीत पोहोचले. लेखाचा रोख खोचक आहे : धाक दाखवून किंवा आमिष देऊन हलवलेला माणूस प्रेरित नसतो, प्रेरित असतो तो हलवणारा. लेखात त्यांनी बारा अभ्यासांतील १,६८५ कर्मचाऱ्यांची आकडेवारी एकत्र केली. समाधानाच्या कारणांत ८१ टक्के प्रेरक घटक निघाले, असमाधानाच्या कारणांत ६९ टक्के आरोग्यघटक. समर्थक हेच आकडे पुराव्यादाखल देतात. पण उरलेले ३१ टक्के असमाधान प्रेरक घटकांतूनच, म्हणजे कदर न होणे, कामात अपयश येणे अशा कारणांतून आले होते. काटेकोर विभागणीचा दावा त्यांच्याच तक्त्यात गळतो.

लेखातील अधिक टिकाऊ भाग म्हणजे कामाच्या पुनर्रचनेचा प्रयोग. एका मोठ्या कंपनीत भागधारकांच्या पत्रांना उत्तरे लिहिणारे कर्मचारी होते. त्यांच्यातील एका गटाला स्वतःच्या सहीने पत्रे पाठवण्याची मुभा दिली, ठरावीक नमुन्याऐवजी स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितले, अनुभवी मंडळींची तपासणी शंभर टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आणली. पहिल्या काही आठवड्यांत या गटाचे काम घसरले, मग ते सावरले आणि सहा महिन्यांअखेर इतरांच्या पुढे गेले. एका कंटाळवाण्या कामाला दुसरे तसलेच काम जोडणे हर्झबर्ग यांना व्यर्थ वाटे. त्यांना हवी होती कार्यसमृद्धी : निर्णय आणि जबाबदारी खालच्या पायरीवर उतरवणे.

सर्वांत बोचरी टीका पद्धतीवर झाली. व्हिक्टर व्रूम यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले, की चांगल्याचे श्रेय स्वतःच्या कर्तृत्वाला आणि वाइटाचे खापर साहेब किंवा कंपनी यांच्यावर, ही माणसाची स्वाभाविक खोड आहे. प्रसंग आठवायला सांगितले की दोन ढीग आपोआप तयार होणारच. इतर पद्धतींनी केलेल्या अनेक अभ्यासांत ही विभागणी टिकली नाही. दुसरी उणीव अशी, की समाधानी माणूस अधिक काम करतो हे सिद्धांताने गृहीत धरले. सिद्ध केले नाही.

कार्यसमृद्धीचा विचार मात्र पुढे गेला. रिचर्ड हॅकमन व ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७६ मध्ये कामाची पाच वैशिष्ट्ये मांडली : कौशल्यांची विविधता, कामाची सलगता, त्याचे महत्त्व, स्वायत्तता आणि केलेल्या कामाचा परिणाम कळणे. हर्झबर्ग यांनी सोडून दिलेली एक गोष्टही त्यांनी हिशेबात घेतली : समृद्ध काम सगळ्यांनाच सारखे हवे असते असे नाही, आणि ज्याला वाढीची ओढ कमी, त्याच्यावर या पुनर्रचनेचा परिणामही कमी होतो.