दिनविशेष : १० एप्रिल

इलेक्ट्रॉनांच्या स्फटिकाचे पहिले थेट दर्शन (२०२४)

इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात. त्यांची धावपळ थांबवली, तर हेच प्रतिकर्षण त्यांना स्फटिकासारखे शिस्तीत बसवील, असे भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी १९३४ मध्ये सांगितले होते. त्याची अप्रत्यक्ष चिन्हे पुढे अनेकांना मिळाली. मात्र हा स्फटिक थेट दाखवणारे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अली याझदानी यांच्या गटाचे संशोधन ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले, ते २०२४ साली आजच्याच दिवशी.

ग्राफीनचे (कार्बनच्या एका अणूएवढ्या जाडीच्या पत्र्याचे) दोन थर, निरपेक्ष शून्याजवळची थंडी आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्र. अशा क्षेत्रात इलेक्ट्रॉन इवल्याशा वर्तुळांत अडकतात, त्यांची गतिज ऊर्जा गोठते आणि परस्परांना टाळणे एवढेच उरते. सूक्ष्मदर्शकाच्या अणुएवढ्या टोकाखाली ते दिसले : आपल्या गोंदियाच्या बांधीत पऱ्हे रोवावेत तसे, ठरावीक अंतर राखून, त्रिकोणी जाळीत. घनता किंवा तापमान वाढवताच जाळी वितळून द्रव झाला; क्षेत्र कमी केल्यावर पट्टे उमटले, हे तर अनपेक्षितच. नव्वद वर्षांचे भाकीत असे डोळ्यांसमोर उभे राहणे ही विज्ञानातील फार मोठी गोष्ट आहे.

ग्राफीनमधील इलेक्ट्रॉनांवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. मंदार देशमुख यांचा गटही काम करतो. गोंदिया, तिरोडा, देवरीच्या विज्ञान शाखेतील मुलामुलींनी या वाटेचा विचार जरूर करावा.