अर्नाळकर वाचायचेत, पण सुरुवात कुठून?

परवा चहाच्या टपरीवर टीममधल्या एकानं विचारलं, "बाबूराव अर्नाळकर वाचायचे म्हणतोय. कुठून सुरू करू?" प्रश्न साधा, पण हजाराहून जास्त पुस्तकं लिहिलेल्या माणसाचं 'पहिलं' आणि 'सर्वोत्तम' शोधत बसलात तर रिटायर व्हाल राव!

आधी थोडा इतिहास. बाबूराव (१९०६-१९९६) म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९४०च्या दशकापासून त्यांच्या रहस्यकथा महाराष्ट्रभर पसरल्या. पुस्तकं छोटी, कागद स्वस्त. लोक विकत कमी घ्यायचे, वाचनालयातून जास्त आणायचे. आज न्या, रात्री संपवा, उद्या बदला. म्हणूनच प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे संपते. आधीची हजार माहीत नसली तरी अडत नाही.

आमच्या जतचंच बघा. १९४८ पर्यंत डफळ्यांचं संस्थान, मग दक्षिण सातारा जिल्हा, ज्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. कर्नाटक सीमेवरचं गाव, कितीतरी घरांत कन्नड. आमच्याही. आजोबा म्हणायचे, "शाळेतलं मराठी पास होण्यापुरतं. खरं मराठी मला झुंजारनं शिकवलं." वाचनालयातल्या प्रतींची पहिली पानं बऱ्याचदा गायब असायची. आजोबा सरळ पान सतरापासून सुरू करायचे, खून कुणाचा झाला ते पुढे कळायचंच!

तर माझं उत्तर असं. पुस्तक निवडू नका, नायक निवडा. हाणामारी आणि वेग हवा असेल तर झुंजार. त्याची बायको विजया नुसती घरात वाट बघत बसत नाही, हे त्या काळी विशेषच. कायद्याला चकवणारा, पण मनानं सरळ असा माणूस आवडत असेल तर काळापहाड. होम्सच्या धाटणीचा तर्क हवा असेल तर धनंजय आणि त्याचा छोटू. सतीश भावे यांनी संपादित केलेलं 'निवडक बाबूराव अर्नाळकर' मिळालं तर उत्तमच.

भाषा जुनी वाटेल, योगायोग जरा जास्तच वाटतील. चालवून घ्या. साहित्याच्या इतिहासात या माणसाला फारशी जागा मिळाली नाही, पण कित्येकांना पुस्तक हातात धरायची सवय त्यानंच लावली. आणि ज्या प्रतींवर ही सवय लागली त्या जपून ठेवाव्यात असं फारसं कुणाला वाटलं नाही. फाटल्या, रद्दीत गेल्या.

आजोबांच्या ट्रंकेत एकच उरली होती. तिलाही मुखपृष्ठ नाही, त्यामुळे नाव माहीत नाही. मी तिथूनच सुरुवात केली, पान सतरापासून.

असो. या वीकेंडला गावी गेलात तर माळ्यावर एकदा नजर टाका. रद्दीवाला यायच्या आत.