कवटीआडचा पुरावा

मद्याने यकृत बिघडते हे आमच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. पोट फुगले, डोळे पिवळे झाले की शेजारीपाजारीही निदान करतात. मेंदूचे तसे नाही. तो कवटीआड बंद असल्याने त्याची हानी केवळ वागणुकीवरून दिसे, आणि त्या वागणुकीला आम्ही धर्मगुरूंनी बहुधा एकच नाव दिले: दुबळी इच्छाशक्ती.

१८८१ साली जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघे मद्यपी, तिसरी गंधकाम्ल प्यायलेली तरुणी. मनाचा गोंधळ, डोळ्यांच्या हालचालींतील बिघाड, चालताना झोकांड्या. आणि मृत्यूनंतर मेंदूत आढळलेले बारीक रक्तस्राव. पुढे मॉस्कोत सर्गेई कोर्साकॉफ यांनी मद्यासक्तांच्या स्मृतिनाशाचे वर्णन केले. परंतु मेंदूतील प्रत्यक्ष हानीचे हे ज्ञान शवविच्छेदनाच्या मेजावरचे होते. ज्याला त्याचा उपयोग व्हावयाचा, तो आधीच गेलेला असे.

जिवंत माणसाच्या मेंदूचा आकार पाहण्याची युक्ती अमेरिकन शल्यवैद्य वॉल्टर डँडी यांनी काढली. १९१९ साली त्यांनी कमरेतून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचा द्रव काढण्याची व त्याजागी हवा सोडण्याची पद्धत मांडली. हवा वर चढून मेंदूतील पोकळ्यांत शिरे आणि क्ष-किरणांच्या चित्रात त्या पोकळ्या उमटत. मद्यासक्तांच्या पोकळ्या रुंदावलेल्या दिसल्या, म्हणजे भोवतालचा मेंदू आकसला होता. पण ह्या तपासणीने डोके असह्य दुखे, वांत्या होत. तुलनेसाठी निरोगी माणूस ती का करून घेईल? आणि सुधारलेला रुग्ण तरी दुसऱ्यांदा कशाला येईल?

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. हाच आपला सीटी स्कॅन. आता सुई नको, हवा नको. एकाच माणसाचे चित्र काही महिन्यांनी पुन्हा घेता येऊ लागले. आमच्या मते खरी क्रांती ह्या 'पुन्हा'मध्ये होती.

कारण १९७८ साली टोरांटोतील पीटर कार्लेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ जुन्या मद्यासक्तांची अशी दुबार चित्रे 'सायन्स' ह्या नियतकालिकात मांडली. चौघांच्या मेंदूचा आकस काही अंशी भरून आला होता. दारूपासून दूर राहून सुधारलेले तेवढे हे चौघेच! आठ ही संख्या लहान खरी, आणि मेंदूत केवळ पाणी भरले असावे अशी शंकाही अभ्यासकांनी घेतली. पुढे एमआरआय आले. १९९५ साली फेफरबॉम, सलिव्हन आदींनी दारू सोडलेले आणि पुन्हा पिऊ लागलेले अशांच्या मेंदूंची तुलना केली, तेव्हा दोघांच्या वाटा वेगळ्या निघाल्या.

सगळेच भरून येते असे मात्र नाही. १९८७ साली ऑस्ट्रेलियातील क्लाइव्ह हार्पर व सहकाऱ्यांनी मृत मद्यासक्तांच्या मेंदूच्या पुढील भागात पेशी मोजल्या. एका ठिकाणी त्या २२ टक्क्यांनी कमी भरल्या. आवर घालणे, परिणाम तोलणे, ठरवलेले तडीस नेणे ही कामे ह्याच पुढील भागाची. अशा माणसाला आम्ही प्रवचनपीठावरून 'निश्चय कर' एवढेच सांगत आलो. पाय मोडलेल्याला चालून दाखव म्हणण्यासारखेच ते!

ख्रिस्तसभेची धर्मशिकवण ह्याबाबत आमच्याहून सावध आहे. १९९२ च्या ग्रंथातील १७३५ वा परिच्छेद सांगतो की, सवय व अनावर आसक्ती ह्यांमुळे मनुष्याची जबाबदारी कमी होऊ शकते. मद्य घेऊ न शकणाऱ्या धर्मगुरूला धर्माध्यक्षांच्या परवानगीने मिस्साबलिदानात मुस्तुम, म्हणजे आंबणे रोखलेला द्राक्षरस, वापरता येतो, हेही रोमने २००३ च्या पत्रात नमूद केले आहे.

जुनी दारू एकाएकी तोडल्यास झटके येऊ शकतात. म्हणून ती वैद्यांच्या देखरेखीखालीच सोडावी. चित्रांतील सुधारणा सर्वांत वेगाने दिसते ती त्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. घरच्यांचा धीर सुटताना आम्ही पाहिला आहे, तोही बहुधा ह्याच आठवड्यांत.